नोकरीचा शोध : ओळख कशी जोडावी, मुलाखतीला कसे जावे

शिक्षण पुरे झाले, पदवी हाती आली, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स काढून झाल्या. आता पुढे काय, हा प्रश्न दरवर्षी आपल्या समाजातील असंख्य तरुण-तरुणींपुढे उभा राहतो. ज्या घरात आधीच्या पिढीत कोणी बँकेत, कचेरीत अथवा कंपनीत नोकरी केलेली आहे, त्या घरातील मुलाला या प्रश्नाचे अर्धे उत्तर जेवता जेवताच मिळून जाते. भरती कोठे चालू आहे, अर्जात काय लिहावे, मुलाखतीत काय विचारतात, पगार किती मागावा, हे काका-मामा सांगतात. घरातील पहिल्या पदवीधराला मात्र हे सांगणारे कोणी नसते. त्याची बुद्धी कमी नसते, कष्टही कमी नसतात; कमी असते ती माहिती, आणि ती ज्यांच्याकडून यायची ती माणसे. ही उणीव प्रयत्नाने भरून काढता येते. त्यासाठी इंटरनेटवरील साधनांचा उपयोग कसा करावा आणि मुलाखतीची तयारी कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वशिला वेगळा, ओळख वेगळी

'ओळखीशिवाय नोकरी नाही' हे वाक्य आपण नेहमी ऐकतो आणि त्याचा अर्थ वशिला असा घेऊन निराश होतो. परंतु या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लायकी नसताना जागा मिळवून देतो तो वशिला. लायक माणसाला जागेची बातमी वेळेवर पोहोचवते आणि त्याचा अर्ज योग्य माणसाच्या नजरेस आणते ती ओळख. वशिल्याचे तट्टू होण्यात लाज आहे. ओळख जोडण्यात कोणतीही लाज नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली या विषयावर एक लेख प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या न्यूटन शहरातील नोकरदारांना त्याने विचारले होते की, ज्या माणसाकडून तुम्हाला या नोकरीची माहिती मिळाली त्याची-तुमची भेट किती वेळा होत असे? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सहांत जेमतेम एकाने 'वारंवार' असे सांगितले. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच होत असे. याचे कारण सोपे आहे. आपले जिवलग मित्र आपल्याच गल्लीत, आपल्याच वर्गात असतात. जे आपल्याला ठाऊक तेच त्यांना ठाऊक. दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडे वेगळी बातमी असते.

पुढे लिंक्डइन या संकेतस्थळावरील २ कोटींहून अधिक लोकांच्या संपर्कांचा पाच वर्षे अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अगदी जिवलग नाही आणि अगदी परकाही नाही, अशा मधल्या ओळखीचा नोकरी मिळण्यास सर्वांत जास्त उपयोग होतो, असे त्यात आढळले. म्हणजे ज्याची व आपली ओळख असणारे काही लोक समान आहेत, पण जो रोजच्या बैठकीतला नाही, असा माणूस.

आपल्याला याचे उदाहरण शोधायला अमेरिकेत जावे लागत नाही. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कूलमधील शिक्षक. बाबासाहेब शिकत होते दुसऱ्या शाळेत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या विद्यार्थ्याशी केळुसकर गुरुजींची ओळख झाली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा याच गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. ही ओळख घरची नव्हती, जातीची नव्हती, शाळेचीही नव्हती. ती बागेतली होती. परंतु तिच्यामागे विद्यार्थ्याचे वाचन उभे होते, हे विसरता कामा नये.

अडथळा आहे, हे मान्य करून

येथे एक कटू गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. डॉ. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांत आलेल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले. त्यांचा लेख २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये आला. उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशच असल्याचे त्यात दिसून आले. मुस्लिम नावाच्या अर्जाची स्थिती याहूनही वाईट होती.

हे वाचून कोणी हातपाय गाळू नयेत. यातून घ्यावयाचा बोध असा की, नुसते अर्ज टाकून पोस्टमनची वाट पाहणे आपल्याला परवडणारे नाही. जेथे फक्त कागद बोलतो तेथे आडनाव आधी वाचले जाते. जेथे आपले काम पाहिलेला एखादा माणूस 'याला एकदा बोलावून पाहा' असे म्हणतो, तेथे कागदामागचा माणूसही दिसू लागतो. म्हणून ओळख जोडणे ही आपल्या विद्यार्थ्यांची इतरांपेक्षा जास्त गरज आहे.

कोणती साधने वापरावीत?

नोकरी शोधण्याच्या संकेतस्थळांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार जाहिरातींचा. १९९७ साली सुरू झालेले नोकरी डॉट कॉम हे यातले जुने नाव. केंद्र सरकारचे 'नॅशनल करिअर सर्व्हिस' हे २०१५ साली सुरू झालेले संकेतस्थळ व महाराष्ट्र शासनाचे 'महास्वयम्' हेही याच प्रकारात येतात. सरकारी संकेतस्थळांवर उमेदवाराला नोंदणी विनामूल्य आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कंपनीतील भरती अधिकारी हजारो बायोडाटा एकेक करून वाचत नाही. तो हवे ते शब्द टाकून शोध घेतो. 'संगणकाचे ज्ञान आहे' असे लिहिणारा त्या शोधात सापडत नाही. 'टॅली, एक्सेल, जीएसटी विवरणपत्रे' असे नेमके लिहिणारा सापडतो. जाहिरात वाचावी, त्यातील जे शब्द आपल्याला खरोखर लागू पडतात ते आपल्या बायोडाटात आहेत का ते पाहावे. जे येत नाही ते मात्र कदापि लिहू नये. मुलाखतीत पहिला प्रश्न नेमका त्यावरच येतो.

दुसरा प्रकार ओळखींचा. २००३ साली सुरू झालेले लिंक्डइन हे यातले प्रमुख. येथे आपले शिक्षण, काम व कौशल्ये यांची माहिती मांडता येते आणि त्या त्या क्षेत्रातील माणसांशी संपर्क साधता येतो. खाते उघडण्यास पैसे पडत नाहीत. खाते उघडल्यावर पुढील गोष्टी कराव्यात.

१) छायाचित्र साधे, चेहरा स्पष्ट दिसणारे असावे. लग्नातले, गॉगल लावलेले किंवा मित्रांच्या घोळक्यातले नको.

२) नावाखालच्या ओळीत 'नोकरीच्या शोधात' एवढेच लिहू नये. 'बी.कॉम., टॅली व जीएसटीच्या कामाचा सहा महिन्यांचा अनुभव' असे लिहिले तर वाचणाऱ्याला काही तरी कळते.

३) लहान कामही अनुभवच असते. दुकानाचे हिशेब ठेवले असतील, शिकवण्या घेतल्या असतील, जयंती उत्सवाचा जमाखर्च सांभाळला असेल, रक्तदान शिबिराची व्यवस्था पाहिली असेल, तर ते आकड्यांसह लिहावे. किती मुले, किती दिवस, किती रकमेचा हिशेब, हे सांगितल्याने कामाला वजन येते.

४) आपल्या महाविद्यालयाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी पाहता येते. कोण कोठे काम करतो हे तेथे दिसते. मधली ओळख जोडण्याची ही सर्वांत चांगली जागा होय.

५) आठवड्याला तीन-चार माणसांशीच संपर्क साधावा. शंभर जणांना एकच मजकूर पाठवणाऱ्यास कोणी उत्तर देत नाही.

अनोळखी माणसाला काय लिहावे?

येथे बहुतेकांची लेखणी अडते. 'सर, काही जॉब असेल तर सांगा' असा निरोप शेकडो लोक पाठवतात. ज्याला तो येतो त्याच्या हातात नोकरी नसते, म्हणून तो गप्प बसतो. परंतु माहिती प्रत्येकाकडे असते, आणि नम्रपणे विचारली तर ती द्यायला बहुतेकांना आनंदच वाटतो. म्हणून पहिल्या पत्रात नोकरी मागू नये, माहिती मागावी. उदाहरणार्थ :

'नमस्कार मॅडम. आपण ज्या महाविद्यालयातून पदवी घेतलीत तेथूनच मी यंदा बी.कॉम. झालो. एका कर सल्लागाराकडे सहा महिने जीएसटीचे काम केले आहे. लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात नव्या माणसाकडून सुरुवातीला कोणत्या कामाची अपेक्षा असते, हे आपल्याकडून समजून घ्यायचे आहे. आपल्या सवडीने दहा मिनिटे फोनवर बोलता आले तर आभारी राहीन.'

यात आपण कोण, दोघांमधला दुवा कोणता, काय हवे व किती वेळ हवा, हे चारही मुद्दे आले. पत्र इंग्रजीत लिहावयाचे असेल तर सोपी, छोटी वाक्ये लिहावीत व जाणकाराकडून एकदा तपासून घ्यावीत. उत्तर न आल्यास आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण द्यावी. त्यानंतर सोडून द्यावे, मनाला लावून घेऊ नये.

बोलणे झाले तर दोन-तीन प्रश्न आधी लिहून ठेवावेत, दहा मिनिटे सांगितली असतील तर दहाव्या मिनिटाला आभार मानावेत आणि शेवटी एक प्रश्न जरूर विचारावा : 'या विषयावर मी आणखी कोणाशी बोलावे असे आपल्याला वाटते?' या एका प्रश्नातून एकाची दोन आणि दोनाची चार माणसे होतात. पुढे नोकरी लागली की त्या सर्वांना कळवावे. काम झाल्यावर विसरणाऱ्याची ओळख टिकत नाही.

मुलाखतीची तयारी

ओळखीने दार किलकिले होते; आत जायचे ते स्वतःच्या पायांनी. प्रथम कोठे मुलाखत असते ते पाहू. केंद्र सरकारच्या गट 'क', गट 'ड' व अराजपत्रित गट 'ब'च्या पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मात्र एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा, बँकांतील अधिकारी पदे आणि जवळजवळ सर्व खासगी नोकऱ्या यांतही मुलाखत असते.

तयारीचे पहिले काम म्हणजे जाहिरात पुन्हा वाचणे. त्यात मागितलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे आपल्या आयुष्यातील एक प्रसंग लिहावा. मग प्रत्येक प्रसंग चार टप्प्यांत सांगण्याचा सराव करावा : परिस्थिती काय होती, माझ्यावर जबाबदारी कोणती होती, मी नेमके काय केले आणि परिणाम काय झाला. 'मी मेहनती आहे' या वाक्याने कोणाचे समाधान होत नाही. 'शिबिराच्या आदल्या रात्री मंडपवाल्याने नकार दिला; जबाबदारी माझ्याकडे होती; मी शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून सभागृह मिळवले; शिबीर ठरल्या वेळी पार पडले,' असे सांगितले की मेहनत, धडाडी व बोलण्याची हातोटी तिन्ही आपोआप सिद्ध होतात. असे पाच-सहा प्रसंग तयार असले की बहुतेक प्रश्नांना उत्तर सापडते. सांगताना 'आम्ही' बरोबर 'मी'ही म्हणावे. सर्वांनी मिळून काम करण्याची सवय चांगली, पण मुलाखत घेणाऱ्याला आपला वाटा कळला पाहिजे.

दुसरे काम म्हणजे 'स्वतःविषयी सांगा' या प्रश्नाचे दीड मिनिटाचे उत्तर. शिक्षण, केलेले काम आणि ही जागा का हवी, या क्रमाने ते असावे. ते घोकू नये, परंतु मोठ्याने दहा वेळा म्हणावे. मनात म्हटलेले वाक्य आणि तोंडाने उच्चारलेले वाक्य यांत फार फरक पडतो. मोबाइलवर आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकल्यास अडखळण्याच्या जागा लगेच कळतात. इंग्रजीचा धसका घेऊ नये. वेगापेक्षा स्पष्टता महत्त्वाची. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारण्याची विनंती करणे हा कमीपणा नाही, आणि उत्तर येत नसेल तर 'मला हे ठाऊक नाही' असे सांगावे. थाप मारणारा पुढच्या प्रश्नात सापडतो.

आता अनेक मुलाखती व्हिडिओवर होतात. घर लहान असेल तर मित्राचे घर, अभ्यासिका किंवा विहारातील खोली आदल्या दिवशी ठरवून ठेवावी. पाठीमागे भिंत व समोरून उजेड असावा, मोबाइल हातात न धरता डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवावा, चार्जिंग व नेट आधी तपासावे. समक्ष मुलाखतीची जागा आदल्या दिवशी पाहून यावी. मूळ प्रमाणपत्रे व त्यांच्या प्रती क्रमाने लावून फाइलमध्ये ठेवाव्यात.

'घरी कोण कोण असते?'

आपल्या मुलांना सर्वांत जड जाणारा प्रश्न हा आहे. सुरिंदर जोधका व कॅथरिन न्यूमन यांनी खासगी कंपन्यांतील भरती अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली जो लेख लिहिला त्यात, बहुतेक अधिकारी उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारतात व त्यावरून मत बनवतात, असे आढळले होते. वडील काय करतात, कोठे राहता, या प्रश्नांवर अनेक हुशार मुले गप्प होतात, काही विषय टाळतात, तर काही खोटे सांगतात. तिन्ही मार्ग नुकसानीचे आहेत.

यावर उपाय म्हणजे उत्तर आधीच तयार ठेवणे. दोन वाक्ये घरच्यांबद्दल, एक वाक्य त्यातून आपण काय शिकलो याबद्दल, आणि मग थेट कामाकडे वळावे. जसे : 'वडील नगरपालिकेच्या सफाई खात्यात होते, आई घरकामाला जात असे. पहाटे चारची पाळी वडिलांनी तीस वर्षे चुकवली नाही. वेळ पाळण्याची सवय मला तेथून लागली. कॉलेजच्या तीन वर्षांत मी सकाळी वर्तमानपत्रे टाकून शिक्षण पुरे केले.' यात गाऱ्हाणे नाही आणि लपवाछपवीही नाही. ज्या कष्टांवर आपण शिकलो ते सांगताना मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही. एवढे करूनही समोरच्याच्या मनात अढी राहिली, तर दोष त्याच्याकडे जातो. आपली पुढची मुलाखत त्यापायी बिघडू देऊ नये.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचे आहे का?' असे म्हटले जाते. तेव्हा 'नाही सर' म्हणून उठू नये. पहिल्या सहा महिन्यांत या जागेवरच्या माणसाकडून काय अपेक्षित आहे, हे विचारावे. पगाराचा विषय निघेल म्हणून त्या पदाला साधारण किती मिळते, याची माहिती आधी काढून ठेवावी. दिवस संपण्यापूर्वी विचारलेले प्रश्न वहीत उतरवावेत. नकार आला तरी ती वही पुढच्या वेळी उपयोगी पडते.

फसवणुकीपासून सावध

गरजू माणूस लवकर फसतो. खरा मालक पगार देतो, पैसे मागत नाही. नोंदणी फी, प्रशिक्षण फी, लॅपटॉपची अनामत रक्कम, असे काहीही मागितले की तेथेच थांबावे. मुलाखत न घेता नेमणूकपत्र पाठवणारे, टेलिग्रामवर घरबसल्या 'टास्क' देऊन आधी शे-दोनशे रुपये देणारे व मग हजारो उकळणारे, यांच्यापासून दूर राहावे. ज्या सरकारी पदांना मुलाखतच नाही त्यांची 'मुलाखत मॅनेज करतो' असे सांगणारा भामटाच समजावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करावी; तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

संस्थेच्या सभासदांना विनंती

आतापर्यंत विद्यार्थ्यांनी काय करावे ते पाहिले. परंतु ओळख ही दोन्ही बाजूंनी जुळावी लागते. आपल्या सभासदांत बँक कर्मचारी आहेत, शिक्षक, परिचारिका, अभियंते, रेल्वे व टपाल खात्यातील लोक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. कोण कोणत्या क्षेत्रात आहे याची एक वही संस्थेने ठेवली, आणि विद्यार्थ्याने विचारल्यावर दहा मिनिटे बोलण्याची तयारी प्रत्येकाने दाखवली, तर घरात नसलेले काका-मामा त्याला विहारात मिळतील. महिन्यातील एका रविवारी तीन ज्येष्ठ सभासदांनी टेबलामागे बसून सराव मुलाखती घ्याव्यात. टेबलापलीकडच्या तीन अनोळखी चेहऱ्यांची भीती एकदा गेली की निम्मी लढाई जिंकल्यासारखी आहे. यासाठी निधी लागत नाही, इमारत लागत नाही. दोन तास लागतात.

आणि ज्याला नोकरी लागेल त्या तरुणाने वा तरुणीने पुढच्या वर्षी त्याच टेबलामागे बसावे. आपल्याला जी माहिती दहा ठिकाणी वणवण करून मिळाली, ती धाकट्या भावंडांना बसल्या जागी मिळाली पाहिजे.